आधी निम्मे, मग अक्षर

आमच्या धंद्यात तयार झालेला माल जगात एकाच माणसाला विकता येतो. तांदूळ एकाने घेतला नाही तर दुसरा घेईल. पण समजा, 'साईकृपा चिकन सेंटर' अशी एलईडीची पाटी केली आणि साईकृपावाल्याने नाकारली, तर ती कुठल्या दारावर लावायची? म्हणून मी निम्मे पैसे आगाऊ घेतो. म्हणजे मागतो. आमच्या दांडी गावात मागणे आणि घेणे यांच्यात बरेच अंतर आहे.

"दादा, आपण गावातलेच ना?" हे उत्तर ठरलेले. गावातला माणूस पैसे बुडवून पळत नाही, हे खरेच. तो न पळता रोज दुकानावरून जातो, प्रेमाने हात करतो आणि पाटी न्यायला मात्र येत नाही. नाते जितके जवळचे, तितका बयाणा कमी. सख्ख्या मेहुण्याने तर मलाच नारळ फोडायला लावला.

पैशांहून अवघड मंजुरी. डिझाइन मोबाइलवर पाठवले की पलीकडून अंगठा येतो. तो 'मंजूर' असतो, 'पोचले' असतो, की 'जेवतोय, नंतर बघतो' असतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. "छान दिसतंय" ही मंजुरी नव्हे. "बघा तुम्ही, तुम्हाला कळतं" ही तर मुळीच नव्हे. ते पुढच्या भांडणाचे पहिले वाक्य आहे. म्हणून मी कागदावर छापून सही घेतो. तरी माणूस रंग बघतो, गणपतीची सोंड कुठल्या बाजूला ते बघतो, पण स्वतःचे नाव आणि फोन नंबर वाचत नाही. ते पाठ असतात ना! मोबाइलवरचा भगवा छापल्यावर फिका का पडला, हा वाद निराळाच. मोबाइलच्या रंगामागे उजेड असतो, फ्लेक्सवर नुसती शाई. हे समजावून सांगितले की गिऱ्हाईक शांतपणे म्हणते, "मग शाईत उजेड टाका."

अंकशास्त्रवाले आले की मी चहाच मागवतो. नावात सहा अक्षरे हवीत. मग जोडाक्षर एक धरायचे की दोन? एकदा यावर नवरा-बायकोत दुकानातच जुंपली आणि मंजुरी पुढच्या अमावस्येनंतर मिळाली.

बोटवाल्यांची गोष्ट वेगळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि नाव-नंबर नव्याने रंगवून घ्यायचा मोसम नेमका तोच. म्हणजे काम असते तेव्हा त्यांच्या हातात पैसा नसतो, आणि पैसा असतो तेव्हा ते समुद्रात. तिथे बयाण्याचा विषय मी काढतच नाही. "बोट सुटली की देतो," एवढ्यावर काम होते आणि पैसे येतातही, वर कधी चार पापलेटे. शिवाय देणेकऱ्याचे नाव बोटीवर मीच ठसठशीत लिहिलेले असते.

याउलट तारापूर एमआयडीसीतली काचेची कचेरी. सेफ्टीचे बोर्ड हवेत. मंजुरी आधी सेफ्टीवाल्याची, मग परचेसची, मग मुंबईच्या कुणा साहेबांची. बोर्डावर मजकूर काय, तर 'धूम्रपान करू नये'. ॲडव्हान्स मागितला तर, "आमच्यात तशी सिस्टिम नाही." मीही मग सिस्टिम शिकलो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे बिल फार तर ४५ दिवसांत द्यावे लागते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. त्यातून आता प्राप्तिकर कायद्याने असे थकवलेले बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तेव्हापासून बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक मी माझ्या नावाहून मोठा छापतो, आणि मार्चमध्ये अकाउंट्सवालेच मला "दादा" म्हणतात.

कायद्याने आणखी एकदा आमचे भले केले. मराठी पाट्यांबाबतची कायद्यातली दुरुस्ती २०२२ ची, दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू. देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि बोईसरच्या बाजारातले दुकानदार टेप घेऊन स्वतःची अक्षरे मोजू लागले. त्या दिवसांत आगाऊ रकमेवर कुणी हुज्जत घातली नाही. अशी मुदत दरवर्षी मिळावी, एवढीच न्यायालयाला विनंती.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला मात्र मी पूर्ण पैसे आधीच घेतो. शुभेच्छुकांचे फोटो कुणाच्या वर कुणाचा, हे रात्री बारापर्यंत बदलत राहते, आणि वाढदिवस उलटला की भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्याला रोखीत किंमत उरत नाही. तसा फ्लेक्स वाया जात नाही. नाकारलेले सगळे मी जपून ठेवतो. पावसाआधी सुक्या मासळीवर आणि जाळ्यांवर झाकायला लोक घेऊन जातात. सध्या दोन नगरसेवक आणि एक कोचिंग क्लास शिल्लक आहे. फूट सांगून न्या. उधार नाही.