पोस्टमास्तरांची इझाबेल

मास्तरांना नुसतं ‘काय मास्तर, बरं आहे ना?’ असं विचारायचीही सोय राहिलेली नाही. गुडघ्याची चौकशी करावी, तर म्हणतात, ‘गुडघा जाऊ द्या हो, त्या बाईकडं बघा. १९५३ चा जन्म, आणि अजून एकामागून एक पिक्चर करतेय.’ बाई म्हणजे इझाबेल युपेर, मुक्काम पॅरिस. संगमनेरच्या बसस्थानकापासून अकोले नाक्यापर्यंत निम्म्या दुकानदारांना हे नाव तोंडपाठ आहे. त्यातल्या एकानेही तिचा पिक्चर शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

मास्तर म्हणजे पोस्टमास्तर, निवृत्त. असा एक गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. जगातलं काहीतरी फार लांबचं आणि फार उत्तम त्याच्या एकट्याच्या हाती लागलेलं असतं, ते वाटून टाकायला तो तळमळत असतो, आणि गिऱ्हाईक मिळत नाही. मग जो सापडेल तो. मी बऱ्याचदा सापडतो.

हे सुरू झालं नोकरीत असताना. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह यांचं चित्रपट रसास्वादाचं शिबिर उन्हाळ्यात भरतं. मास्तरांनी शिल्लक रजा टाकून ते केलं. लोक रजा टाकून काशीला जातात, हे लॉ कॉलेज रोडला गेले. परत आले ते वेगळेच. घरचे लोक हिंदी पिक्चर बघत बसले की हे मागून म्हणायचे, ‘कॅमेरा तिथं कशाला?’ मुलांनी काही दिवस सहन केलं, मग ती शिकायला बाहेरगावी गेली.

मास्तरांचा सिद्धांत एकच: ही बाई काही करत नाही. ‘आपल्याकडं नट चेहऱ्यावर भाव आणतात. ही चेहऱ्यावर आलेल्या भावावर “घेण्यास नकार” असा शेरा मारते आणि तो न फोडता परत पाठवते.’ हे वाक्य चांगलं आहे, मी त्यांना तसं सांगितलंही आहे. गंमत अशी की, हे सांगताना स्वतः मास्तरांच्या चेहऱ्यावर एक भाव टिकत नाही. भुवया कपाळभर फिरतात, दोन्ही हात हवेत असतात आणि समोरच्याचा चहा धोक्यात असतो. एकदा स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी ‘द पियानो टीचर’चा शेवट करून दाखवला. बाई पर्समधून सुरी काढते, खांद्याखाली खुपसून घेते, चेहरा क्षणभर वाकडा होतो आणि पुन्हा सरळ, मग ती चालू लागते. सुरीच्या जागी चमचा होता. मास्तर डोळे वटारून, चमचा छातीशी धरून स्तब्ध उभे राहिले. टेबल पुसणारा पोरगा घाबरून म्हणाला, ‘काका, दुखतंय का? बाम आणू?’

गावातला त्यांचा कायमचा प्रतिपक्ष म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. हे तमाशाचे दर्दी. कांताबाई सातारकरांचा फड संगमनेरचा, आणि कांताबाईंनी वगात शिवाजी महाराज उभे केलेले ज्यांनी पाहिले, त्यांना अभिनयाबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. कंडक्टर म्हणतात, ‘कांताबाई बोलायला लागल्या की तंबूच्या शेवटच्या दोरापर्यंत आवाज जायचा. तुमची बाई तिसऱ्या रांगेला तरी ऐकू जाते का?’ मास्तर म्हणतात, ‘तिला ऐकायचं नसतं, बघायचं असतं.’ २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनात कांताबाई गेल्या, तेव्हा मात्र मास्तर स्वतः कंडक्टरांकडे गेले. त्या दिवशी त्यांनी फ्रान्सचं नाव काढलं नाही. माझ्या माहितीत तेवढा एकच दिवस.

पण या भक्तीत एक काटा आहे, आणि तो खात्याचा आहे. क्लोद शाब्रोल यांचा ‘ला सेरेमोनी’ हा १९९५ चा चित्रपट. त्यात इझाबेलबाई ब्रिटनी भागातल्या एका खेडेगावात चक्क पोस्ट सांभाळतात. मास्तरांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना आपलं जिणं सार्थकी लागल्यासारखं वाटलं. बघायला बसले, तर बाई गावातल्या श्रीमंत घरची टपाल-पार्सलं फोडते! वर त्या घरातल्या निरक्षर मोलकरणीशी गट्टी जमवते, आणि शेवटी दोघी मिळून ते अख्खं कुटुंब बंदुकीनं उडवतात. खुनांबद्दल मास्तरांची फारशी तक्रार नाही, तो कथानकाचा भाग झाला. पण पार्सल फोडणं? ‘आमच्या वेळचा १८९८ चा कायदा काय म्हणायचा? आमच्याकडं असती तर पहिल्याच दिवशी सस्पेंड!’ व्हेनिसच्या महोत्सवात या भूमिकेबद्दल तिला आणि मोलकरीण झालेल्या सांद्रिन बोनेरला मिळून अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मास्तरांच्या मते मोलकरणीचं रास्त होतं. तरी तो चित्रपट त्यांनी किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. दर वेळी पार्सलाच्या प्रसंगाला ते मान दुसरीकडे फिरवतात.

मास्तरांनी गावात लावलेला ‘द पियानो टीचर’चा जाहीर खेळ ही तर दंतकथाच आहे. नावावरून कुणालाही वाटेल की हा संगीतप्रेमींसाठीचा सोज्वळ चित्रपट असणार. व्हिएन्नाची संगीतशाळा, शूबर्टचं संगीत, २००१ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान. मास्तरांना आतलं सगळं माहीत होतं, पण ‘कला ही कला’ या धुंदीत त्यांनी पेटीच्या क्लासच्या पालकांना सहकुटुंब बोलावलं. सुरुवातीला आई आणि मुलगी एका झग्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथवर पालक खूश होते. घरोघरचंच होतं ते. पुढे बाई शिकवणी संपवून बाजारात जाते आणि नको त्या दुकानात शिरते, तिथं पहिल्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. मास्तरांनी प्रसंग ओळखला. पडदा एकदम काळा झाला. ‘लाइट गेली!’ ते अंधारातून ओरडले. पालक निमूटपणे चपला शोधू लागले. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, पण त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. संगमनेरची माणसं समजूतदार.

२७ फेब्रुवारी २०१७ हा मास्तरांचा सुतकाचा दिवस. ‘एल’ चित्रपटासाठी इझाबेलबाईंना ऑस्करचं नामांकन होतं, गोल्डन ग्लोब घेऊन झालं होतं, नुकतंच फ्रान्सचं सेझारही. मास्तर पहाटेपासून टीव्हीसमोर बसून होते. ऑस्कर गेलं ‘ला ला लँड’च्या एमा स्टोनला. ‘नाचगाण्याला दिलं हो!’ एवढंच ते बोलले. नेमका तो मराठी भाषा गौरव दिन. सकाळी कार्यक्रमात मास्तर पडेल चेहऱ्याने बसलेले पाहून पाहुण्या वक्त्यांना वाटलं, मराठीच्या अवस्थेनं या गृहस्थाला फारच लागलेलं दिसतंय. त्यांनी भाषणात तसा उल्लेखही केला. मास्तरांनी तो मान खाली घालून स्वीकारला.

आणि मग बाई आपणहून इतक्या जवळ आली! नोव्हेंबर २०१९, गोव्याचा पन्नासावा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे इफ्फी, परदेशी कलावंतासाठीचा जीवनगौरव इझाबेल युपेर यांना. संगमनेरला रेल्वे नाही, नाशिक-पुणे रेल्वे अजून कागदावरच धावते आहे. मास्तर एसटीनं पुण्याला आणि तिथून रात्रीच्या बसनं पणजीला गेले. उद्घाटनाचा पास काही सगळ्यांना नसतो. त्या दिवशी अमिताभ आणि रजनीकांत दोघंही आलेले, मग गर्दी काय विचारता. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक काळ्या काचांची गाडी गेली. ‘तीच होती,’ मास्तर सांगतात. कशावरून? ‘बाकीच्या गाड्यांतून लोक हात करत होते. या गाडीतून कुणीच हात केला नाही.’ यावर काय बोलणार?

या सगळ्या काळात काकू, म्हणजे मास्तरांची बायको, घरात होत्या. मास्तरांच्या गोष्टींत त्या येत नाहीत, पण चित्रपट लागला की त्या मेथी निवडायला तिथंच बसतात. २०१६ चा ‘थिंग्ज टू कम’ असाच लागला होता, मिया हान्सेन-लव्ह या दिग्दर्शिकेचा. त्यात इझाबेलबाई तत्त्वज्ञानाची शिक्षिका आहे. पंचवीस वर्षांचा संसार टाकून नवरा दुसरीकडे जातो, आई वारते, प्रकाशक पुस्तक बंद करतो, आणि हिच्या गळ्यात आईचं काळं लठ्ठ मांजर पडतं. मास्तर दर दोन मिनिटांनी पिक्चर थांबवून मला ‘बघा, चेहरा बघा’ करत होते. काकू मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, ‘अहो, थांबवू नका हो सारखं. तिला आधीच रडायला वेळ मिळत नाहीये.’

मास्तर गप्प झाले. पण ते वाक्य त्यांनी वाया घालवलं नाही. शाहीर अनंत फंदींच्या या गावाला भाषणांची हौस जुनीच. पुढच्याच महिन्यात एका छोट्या हॉलमध्ये मास्तरांचं ‘इझाबेल युपेर: एक आकलन’ झालं. प्रवेश मोफत, नंतर चहा. भाषण रंगलं. शेवटाकडे मास्तरांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, ‘या स्त्रीला रडायला वेळ मिळत नाही, हा या चित्रपटाचा गाभा आहे.’ टाळ्या पडल्या. कंडक्टरांनीसुद्धा वाजवल्या. दुसऱ्या रांगेत काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चेहऱ्यावर, मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर, घेण्यास नकार.

मग प्रश्नोत्तरं. एका शाळकरी मुलीनं विचारलं, ‘आजोबा, त्या मांजराचं काय झालं?’

मास्तरांनी घसा साफ केला. ‘मांजर हे इथं, म्हणजे, एका अर्थी स्वातंत्र्याचं...’

‘डोंगरात शेतावर राहणारा तिचा एक विद्यार्थी असतो, त्याच्याकडं ठेवलं,’ काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. ‘तिला मांजराची ॲलर्जी होती. तुम्ही तेव्हा बोलत होतात.’