लिंबाखालच्या शिफारशी

मे महिन्यात मंद्रूपला दुपारी एक ते चार रस्त्यावर दोघंच दिसतात. एक विजापूरकडं निघालेला ट्रक, आणि दुसरं त्याच्या सावलीला टेकायला गेलेलं कुत्रं. ट्रक निघून जातो, कुत्रं तिथंच उन्हात, फसवणूक झाल्यासारखं उभं राहतं. पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. बाकी सगळं गाव घरात, दारं लोटून, फरशी पाण्यानं पुसून, पंख्याखाली आडवं पडलेलं. इंग्रजी वर्तमानपत्रांत उन्हाळ्याच्या तोंडावर 'सुट्टीत वाचायच्या पुस्तकां'च्या याद्या येतात आणि त्यांच्याबरोबर हटकून समुद्रकिनारा, छत्री, टोपी घातलेली बाई. त्यांच्याकडं ऊन खायला बाहेर पडतात. आमच्याकडं ऊन आपल्याला खातं, म्हणून आत बसतात. आत बसलेल्या माणसाला झोप तरी लागते किंवा पुस्तक तरी लागतं. दोन्ही एकाच वेळी लागल्याचीही उदाहरणं आहेत, ती पुढं येतील.

ऊन कलल्यावर साडेपाचच्या सुमाराला आमची चारपाच जणांची बैठक लिंबाखाली भरते. पहिला प्रश्न ठरलेला, "काय वाचलालाव?" या प्रश्नाला खरं उत्तर नको असतं. विचारणाऱ्याला आपण काय वाचलं ते सांगायचं असतं, त्यासाठी हा दरवाजा वाजवणं.

पुस्तक सुचवणं म्हणजे स्थळ सुचवणं. सुचवणाऱ्याला ते नेहमी लाखात एक वाटतं. घराणं चांगलं, स्वभाव शांत, फक्त सुरुवातीची पन्नास पानं जरा सांभाळून घ्या. जमलं तर मध्यस्थाला कुणी विचारत नाही. बिनसलं तर सगळं खापर त्याच्या डोक्यावर. शिवाय 'पाहिलं, पण योग नाही' असं तोंडावर सांगायची पंचाईत असते, म्हणून पुस्तक वाचलेलं नसतानाही माणसं "छान आहे, निवांत वाचतोय" म्हणतात. असं निवांत वाचन आमच्याकडं चारचार वर्षं चालतं.

बैठकीतले गुरुजी निवृत्त आहेत आणि त्यांची शिफारस एकच, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली आलेली ही कादंबरी, धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची. गुरुजींना ती आपलीच सर्व्हिस बुकातली नोंद वाटते. एकच दोष, ते शिफारशीबरोबर शेवटही सांगून टाकतात. "शेवटी दुष्काळ पडतो, वाडी रिकामी होते. आता शेवट कळला ना? आता घाई न करता वाच." आम्ही म्हणतो, गुरुजी, भर मेमध्ये टँकरची वाट बघत दुष्काळाची कादंबरी कशाला? थंड काहीतरी सांगा. त्यावर ते म्हणतात, "तहान लागलेल्यालाच पाण्याची गोष्ट कळते." याला उत्तर सापडायच्या आत ताक येतं आणि विषय बदलतो.

थंडाव्याची जबाबदारी म्हणून मी पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' पुढं केलं. विलायतेच्या प्रवासाचं पुस्तक आहे, १९६० साली आलेलं. माझा अनुभव असा की ते वाचताना पंखा एका आकड्यानं कमी ठेवला तरी चालतो.

किराणा दुकानवाले अण्णा पुस्तक जाडीवरून निवडतात. "पैसे द्यायचेच, तर माल तरी भरपूर पाहिजे." त्यांची शिफारस शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. दुकान दुपारी बंद असतं तेव्हा पोत्यांच्या थप्पीला टेकून ते वाचायला घेतात. कर्णाच्या रथाचं चाक अजून खूप लांब असतं, पण अण्णांचा डोळा आधीच रुततो आणि पुस्तक धप्पकन छातीवर येतं. तीन उन्हाळे हे चाललंय. पण गावात त्या पुस्तकाची सगळ्यांत जोरदार शिफारस करणारे तेच. माझा असा समज झालाय की संपलेल्या पुस्तकाबद्दल माणूस मत देतो आणि न संपलेल्या पुस्तकाचा प्रचार करतो.

बैठकीतल्या अक्कांची गोष्ट वेगळी. भीमेच्या अलीकडं मराठी, पलीकडं कन्नड, अशी रेघ नकाशावर ठीक आहे. आमच्या घरांतून ती चुलीपाशी एका बाजूला आणि दप्तरापाशी दुसऱ्या बाजूला जाते. अक्का घरात कन्नड बोलतात, शाळा मराठीत झाली. म्हणून कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या त्या उमा कुलकर्णींच्या मराठीतून वाचतात. स्वतःच्या आईच्या भाषेतलं पुस्तक शाळेच्या भाषेतून वाचायचं आणि मनात पुन्हा आईच्या भाषेत फिरवून घ्यायचं! त्या 'पर्व'ची शिफारस करतात तेव्हा कथानक मराठीत सांगतात, पण कुंतीच्या तोंडचं काही आलं की नकळत कन्नडात शिरतात. अण्णा, गुरुजी, मी, सगळे माना हलवतो. कळलं सगळ्यांना असतं. अनुवाद लागतो तो फक्त पुण्याहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना.

शिफारस चुकते कशी, हे मात्र मी स्वतःच्या अनुभवानं सांगू शकतो. बारावी झालेल्या भाच्याला मी मोठ्या प्रेमानं नेमाड्यांची 'कोसला' दिली. खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो, एवढं मी सांगितलं नव्हतं. गुरुजींसारखा शेवट सांगायची सवय नाही ना. महिन्याभरानं दाजींचा फोन. "पाव्हणं, ते पुस्तक तुम्ही दिलाव का? पोरगं कॉलेजला जाऊन तरी काय करायचंय म्हणायलंय." भाचा पुढं शिकला, नोकरीला लागला. पण दाजी अजून माझ्या हातात पिशवी दिसली की आत काय आहे ते आधी बघतात.

तोंडी शिफारस फुकट असते. खरी परीक्षा "मग दे की वाचायला" या वाक्याला. पहिल्या पानावर ठळक नाव, वर्तमानपत्राचं कव्हर, "कोपरे दुमडू नको" ही तंबी, आणि मग पाठमोऱ्या पुस्तकाकडं सासरी निघालेल्या मुलीकडं बघावं तसं बघणं. माझं 'स्मृतिचित्रे' असंच एकाकडून दुसऱ्याकडं जात दोन वर्षांनी परत आलं. आत एसटीचं तिकीट, ज्वारीचा एक दाणा, आणि एका पानावर शेंगाचटणीचं लालसर बोट. पहिल्यांदा राग आला. मग ते पान वाचलं. लक्ष्मीबाई टिळकांचा तिथला विनोद माझ्या नजरेतून साफ निसटला होता. कुणीतरी जेवताजेवता वाचत असणार, तिथं हसू आलं असणार आणि पान धरून ठेवायला उजवा हातच पुढं गेला असणार. आता ते पुस्तक मी सुचवतो तेव्हा आधी तो डाग दाखवतो. भिलारला, सरकारच्या पुस्तकांच्या गावात, २०१७ पासून पुस्तकांबरोबर स्ट्रॉबेरी मिळते. प्रत्येक मातीचा आपला एक डाग.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे कुडलला गेलो. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. तिथल्या हरिहरेश्वराच्या देवळात एक शिवलिंग आहे, अंगावर ३५९ मुखं कोरलेलं. अण्णा म्हणाले, "एका पुस्तकावर आपल्या पाचजणांची एवढी मतं, याचं कसं होत असंल?" शेजारी संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे सन १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी त्याचा शोध घेतला. मराठीच्या अगदी सुरुवातीच्या लेखांत त्याची गणना होते. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ, जो हे वाचील तो विजयी होईल.

आम्ही माना वर करून उभे. लिंबाखाली आम्ही जे रोज करतो ते आमच्या नदीकाठी कुणीतरी हजार वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं, आणि तेही छिन्नीनं. घाम पुसत गुरुजी म्हणाले, "बघा, ना प्रस्तावना, ना शेवट. नुसती शिफारस." स्वतःच्या सवयीवरची ही टीका त्यांना कळली की नाही, कळलं नाही. अक्कांनी वाक्य एकदा मराठीत म्हटलं, एकदा कन्नडात. दोन्हीकडं ते खरं वाटलं.

अण्णा मात्र बराच वेळ तुळईकडंच बघत होते. माझं 'अपूर्वाई' गेली सहा वर्षं त्यांच्या दुकानात आहे. शेवटी ते म्हणाले, "हुशार माणूस. दगडावर लिहिला. न्यायलाच येत नाही कुणाला."

परतताना मी पुस्तक मागायचं ठरवलं होतं. मागितलं नाही. अण्णा ते निवांत वाचतायत.