अकोटचा घसा

अकोटच्या कापूस बाजारात हर्रास सुरू झाला की भाव आधी ऐकू येतो, बोली लावणारा माणूस नंतर दिसतो. वऱ्हाडात हळू बोलणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच पाहतात. "काऊन गा, बरं नाई काय?" असं विचारतात. धुऱ्यावरून पलीकडच्या वावरातल्या माणसाशी घरातल्या भानगडी बोलायची सवय असलेल्या या मुलखात मोबाइल आला. पण बोलणाऱ्याचा त्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही, हे एसटीतल्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे.

एवढ्या गलबल्यामागे असतात दोन स्वरतंतू. पुरुषाचे जेमतेम दोन सेंटिमीटरचे, बाईचे त्याहून आखूड. साधं बोलतानाही पुरुषाचे तंतू सेकंदाला १००-१२५ वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास. तान्ह्या बाळाचे रडताना ४०० च्या वर जातात, म्हणून रात्री दोन वाजता घरात कोणाचं चालतं हे सांगायला नको. इतकी उघडझाप माणसाच्या कुठल्याच स्नायूच्या बापाला जमायची नाही. थरथर घडवते ती फुप्फुसातून येणारी हवा. स्नायू फक्त तंतू जवळ आणतात, दूर नेतात, ताणतात, सैल सोडतात.

त्यांत जवळ आणणारे बरेच. दूर नेणारी जोडी मात्र एकच, मागच्या अंगाची : पोस्टेरिअर क्रायकोअरिटेनॉइड. गळा बंद करायला सगळे पुढे, उघडायला हीच एकटी! पण यात निसर्गाची चूक नाही. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊ न देणं हे स्वरयंत्राचं मूळ काम. भाषण हा जोडधंदा. पंगतीत घास तोंडात असताना राजकारण काढणाऱ्याला हे ठसक्यानं कळतं.

उंच सुराचं खातं क्रायकोथायरॉइडकडे. कंठमण्याच्या खालच्या खाचेवर हलकं बोट ठेवून 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत जावं; खाच अरुंद होते आणि आत तंतू ताणले जातात. या स्नायूला नसेची वेगळी फांदी आहे. बाकीच्यांचा हुकूम रिकरंट लॅरिंजिअल नसेतून येतो. डावीकडची ही नस गळ्याजवळून येऊनही न थांबता छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. अकोटहून अंजनगावला निघालेल्यानं आधी अकोल्याला जाऊन यावं, तसला हा कारभार. त्यामुळे छातीतल्या गाठीनंही आवाज बसू शकतो. घशाच्या तक्रारीवर डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला, तर दर वेळी कमिशनचा वास घेऊ नये.

याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ मध्ये गाडगेबाबांचा जन्म झाला. कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. हेतू लोकशिक्षणाचा होता, पण स्वरतंतूंच्या हिशेबानंही ही रीत चोख! समोरचे गळे उत्तर देत तेवढा वेळ बाबांच्या गळ्याला विसावा. आजचा पुढारी हातात माइक असूनही ओरडतो, दुसऱ्याला बोलू देत नाही आणि प्रचाराच्या मध्यावरच त्याचा घसा बसतो. मतदारांना तेवढाच दिलासा.

मग सुरू होतात उपाय. खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या. यांनी घशाला बरं वाटतं हे खरं, पण गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. ते स्वरतंतूंपर्यंत पोचलंच तर आधी जोराचा खोकला येईल. गुळण्याही वरच्या वरच राहतात. सारखं खाकरलं तर तंतू एकमेकांवर आणखी आपटतात. कुजबुजण्यानंही अनेकांच्या घशावर उलट ताणच येतो. भरपूर पाणी, वाफ आणि गप्प बसणं, हे खरे उपाय. पहिले दोन अकोटात सहज जमतात.

आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, त्यातही खर्रा किंवा बिडीची सवय असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला पुरे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ते दुर्बीण घालून "ई" म्हणायला सांगतील. तेवढंच म्हणा.