मनालीला निघालेल्या कोल्हापूरकरांना अनावृत पत्र

रा. रा. सहलप्रमुख यांस,


नाताळच्या सुट्टीत आपण सहकुटुंब आणि सहशेजारी मनालीला निघाल्याचे ग्रुपवरून समजले. दिवाळीपासून चाललेले आपले नियोजन म्हणजे नाद खुळा! महाबळेश्वर 'जवळ आहे' एवढ्या एकाच गुन्ह्यासाठी पहिल्याच बैठकीत बाद झाले. 'तिथं मटण कसलं मिळतंय?' या प्रश्नावर पुढच्या तीन बैठका झडल्या. शेवटी चटणीचा डबा सोबत न्यायचा आणि हॉटेलच्या आचाऱ्याला तांबडा-पांढरा रस्सा शिकवूनच परतायचे, असा ठराव झाला. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा चारेक महिने चालला होता. आपली भडंगाची पोती पाहता आपण तेवढ्याच तयारीने निघालेले दिसता.

एक शंका आहे. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी वस्ती केली, ती उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून. आपण अख्खा मे महिना घाम पुसत घरी काढतो आणि कोल्हापुरात पहाटे स्वेटर लागू लागला, की आणखी थंडी शोधायला दोन हजार किलोमीटरांवर जातो. साहेबाला हे सुचले नाही, हा त्याचा कमीपणा.

आता बर्फाचे. रोहतांग खिंड हिवाळ्यात बहुधा बंदच असते. तिच्या पोटातून गेलेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा मात्र बघता येईल. बोगद्यातून बर्फ दिसत नाही, हे वहिनींना आधी सांगून ठेवावे. बर्फ बघायला सोलांगला जाल, तर त्या वाटेवर बर्फात घालायचे सूट भाड्याने मिळतात. आधीच्या गिऱ्हाइकाने नुकताच उतरवलेला, आतून दमट असा सूट अंगात आणि कुणाचे तरी गमबूट पायांत चढवून सगळे फोटोला उभे राहतील. टोपी-गॉगलमुळे कोण कुठले ते कळणार नाही, म्हणून फोटोखाली नावे लिहावीत.

इकडे वीसेक किलोमीटरांवर पन्हाळा आहे. वाटेतले वाघबीळ ओलांडले की हवा बदलते. सकाळी गडावरच्या तीन दरवाज्यापाशी धुके असते. पाटीवर वाटलेला खर्डा, चुलीवरची भाकरी, झुणका आणि दही पुढ्यात येते. आचाऱ्याला काही शिकवावे लागत नाही. जुलै २०२५ मध्ये हा गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता परदेशातले लोक तिकिटे काढून तो बघायला येतील आणि आपण त्यांना विमानतळावर, जाता जाता, भेटाल.

तेव्हा मनालीला जरूर जा, पण मे महिन्यात. या सुट्टीत रविवार सोडून एखादा दिवस काढा आणि पहाटे गड चढा. रजेचा अर्ज लागत नाही, ठराव तर मुळीच नाही. एवढे करून थंडी कमी वाटली, तर भडंगासह खुशाल उत्तरेकडे निघावे.

आपला,
बैठकीला न बोलावलेला शेजारी