टॅगराव

हिंजवडीच्या कुठल्याही फेजमधल्या कुठल्याही आयटी कंपनीत सकाळी साडेनऊला डोकावा. काचेच्या खोलीत भिंतभर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या आणि त्यांच्यासमोर मार्कर परजून उभे असलेले पंचेचाळिशीचे गृहस्थ दिसले, की ते टॅगराव. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय.

टॅगराव पूर्वी प्रोजेक्ट मॅनेजर होते. दोन दिवसांचा कोर्स करून ते स्क्रम मास्टर झाले आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांनी माणसांशी बोलणं सोडून 'स्टेकहोल्डर अलाइनमेंट' सुरू केली. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे, 17 जण जमले आणि स्क्रम ज्यात मोडतं त्या अजाइल कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहून उठले. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोठा, हे त्यातलं पहिलंच मूल्य. टॅगरावांनी ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. तो कागद दोन इंच सरकवायचा तरी तिकीट काढावं लागतं.

रोजची स्टँड-अप बैठक 15 मिनिटांत, उभ्याउभ्या उरकायची असते. टॅगरावांची पाऊण तास चालते आणि भूमकर चौकात अडकलेले चौघं गाडीत बसून तिला हजर असतात. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीतून गेले. एका नव्या मुलीने तसं सांगून पाहिलं.

"सर, ते प्रश्न आता गाइडमध्ये नाहीत."

"व्हेरी गुड पॉइंट," टॅगराव म्हणाले. "अडचणींच्या रकान्यात टाक."

पण स्क्रम ही त्यांची नोकरी; जीव जडलाय तो टॅक्सॉनॉमीवर, म्हणजे वर्गीकरणावर. कंपनीतला प्रत्येक कागद, प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या घरात बसलीच पाहिजे. रजेचे नियम त्यांनी 'पीपल'मध्ये, त्यातल्या 'एम्प्लॉयी लाइफसायकल'मध्ये, त्यातल्या 'अ‍ॅबसेन्स'मध्ये आणि तिथल्या 'प्लॅन्ड'मध्ये नेऊन ठेवले. तर्काला धरूनच होतं सगळं. फक्त 'लीव्ह' असं टाइप करून शोधलं, तर उत्तर शून्य. मग लोक अकाउंट्समधल्या काकूंना फोन करतात आणि काकू व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात.

यावर उपाय असतो. वापरणाऱ्यांनाच कार्डं द्यायची आणि त्यांच्या मनाने गठ्ठे लावायला सांगायचे. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. टॅगरावांनी तेही केलं. सगळ्यांत मोठा गठ्ठा 'इतर'चा झाला. ते रात्रभर तळमळले. खरं तर तळमळायचं कारण नव्हतं; 'इतर'चा गठ्ठा थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये ग्रंथालयासाठी दशांश वर्गीकरण काढलं, तेव्हा धर्माला 200 ते 299 असे आकडे दिले. त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माने व्यापले आणि बाकीच्या जगातल्या देवांनी 290 च्या खोलीत दाटीवाटीने मुक्काम केला.

एकच वस्तू अनेक अंगांनी शोधता यावी, ही वाट मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1933 मध्ये कोलन वर्गीकरणातून दाखवली. ऑनलाइन दुकानात रंग, माप, किंमत अशा चाळण्या लावून शर्ट शोधतात, ते याच जातीचं काम. टॅगरावांना मात्र रंगनाथन ठाऊक नाहीत. त्यांना स्पॉटिफाय ठाऊक आहे. त्या कंपनीची रचना सांगणारा 2012 चा लेख वाचून त्यांनी एका सोमवारी सगळ्या टीम्सचे स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर आणि गिल्ड करून टाकले. माणसं त्याच खुर्च्यांवर बसली, एसी तेवढाच गार राहिला, फक्त ईमेलच्या खालच्या सह्या दोन ओळींनी वाढल्या.

घरीही त्यांनी फ्रिजवर 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं' असे तीन रकाने आखले. अशा रकान्यांच्या फळ्याला कानबान म्हणतात; त्याचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात. हातातली कामं मर्यादेत ठेवायची, हा त्याचा कणा. तो कणा बायकोला लगेच कळला.

"अरे, पंखे पुसायचं कार्ड दिवाळीपासून 'चालू आहे'मध्ये आहे. ते संपेपर्यंत नवं कार्ड लावायचं नाही."

टॅगरावांनी पंखे 'लाँग टर्म'मध्ये हलवले.

तरीही त्यांना हसणाऱ्यांनी एक दुपार लक्षात ठेवलीय. ऑडिटर आले आणि त्यांनी एका जुन्या पुरवठादाराचा करार मागितला. कपाटं उघडली, मेल धुंडाळले, कंपनी सोडून गेलेल्यांना फोन झाले. टॅगराव शांतपणे लॅपटॉपपाशी बसले, तीन टॅग निवडले आणि करार पडद्यावर हजर! ऑडिटर खूश, डायरेक्टर थक्क. काकूंनी स्वतःहून चहा मागवला.

फाइल मिळाली खरी, पण ती 'व्हेंडर'खाली होती, 'पार्टनर इकोसिस्टम'खाली नव्हती, हे टॅगरावांच्या नजरेतून सुटलं नाही. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर त्यांनी ती योग्य घरात हलवली, जुने टॅग काढले, नवे लावले. सकाळी दहाला ऑडिटर पुन्हा आले आणि म्हणाले, "कालचा तो करार जरा परत दाखवता का?"