विमान नसताना वैमानिक कसे दिसावे

एव्हिएटर गॉगल विकत घेण्यापूर्वी इच्छुकाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी, की आपल्याला कुठेही उडायचे नाही. हे एकदा ठरले की बाकीचे सोपे जाते. ज्यांना खरोखर उडायचे असते त्यांच्यासाठी हा गॉगल म्हणजे कामाचे हत्यार. आपल्यासाठी ते व्रत आहे, आणि व्रत म्हटले की विधी आलाच.

आधी आकार समजून घ्यावा. काच नाकापाशी सुरू होते आणि थेंबासारखी गालावर ओघळते. हा लाड शोभेसाठी केलेला नाही. वैमानिकाची नजर आकाश आणि समोरच्या यंत्रांच्या तबकड्या यांच्यात सारखी वरखाली होते. ती खाली गेली तरी काचेच्या हद्दीतच राहावी, म्हणून काच गालापर्यंत उतरवली. आपल्याकडे खाली बघायला मोबाइल आहे. तो पोटाच्या उंचीवर धरावा, मान मुळीच हलवू नये, फक्त बुबुळे खाली न्यावीत आणि मावशींचा शुभ सकाळचा संदेश विमानाची उंची तपासल्याच्या गांभीर्याने वाचावा.

या गॉगलसाठी कोणी काय भोगले, हेही साधकाला ठाऊक असावे. उघड्या विमानांच्या काळात वैमानिक कातडी किंवा लोकरीचे अस्तर लावलेले, डोळ्यांना घट्ट बसणारे गॉगल घालत. ते आतून धूसर होत. फेब्रुवारी १९२० मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात मेजर रुडॉल्फ श्रोडर ३३,००० फुटांच्या वर गेले, तिथे प्राणवायूचा घोटाळा झाला, गॉगल वर सरकवला गेला आणि गारठ्याने डोळेच गोठले. तशाच अवस्थेत त्यांनी विमान खाली आणले. मुंबईत एसी टॅक्सीतून उतरताच गॉगलवर वाफ धरते आणि माणूस फुटपाथच्या कडेला चाचपडतो, तेव्हा श्रोडरसाहेबांचे स्मरण करावे. खिशातला रुमाल घाईने काढू नये. वाफ आपोआप जाईपर्यंत दूर क्षितिजाकडे बघत उभे राहावे.

पुढे विमाने आणखी उंच जाऊ लागली, तशी झगमगाटाने डोकी दुखू लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला बाउश अँड लोम्ब ही कंपनी होती. दोन जर्मन स्थलांतरितांनी १८५३ मध्ये काढलेली, भिंगे आणि सूक्ष्मदर्शक करणारी. तिने हिरव्या काचेचा चष्मा केला. आधी फ्रेम प्लॅस्टिकची होती, मग बारीक धातूची आली. १९३७ पासून ‘रे-बॅन’ हे नाव चालू झाले. लक्षात घेण्याजोगे हे, की कंपनीने वैमानिकांवर न थांबता शिकारी, गोल्फ खेळणारे आणि गळ टाकून बसणारे यांनाही तो लगेच विकला. म्हणजे विमानाविना वैमानिक ही परंपरा गॉगलइतकीच जुनी आहे. आपण काही भ्रष्ट अनुयायी नव्हे.

मुद्रेसाठी अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर यांचा ऑक्टोबर १९४४ चा फोटो समोर ठेवावा. फिलिपिन्सच्या लेयटे बेटावर ते गुडघाभर पाण्यातून चालत येत आहेत, डोळ्यांवर काळा चष्मा, चेहऱ्यावर हसू नाही. गुडघाभर पाणी आपल्याला मुंबईच्या हिंदमाता परिसरात पालिकेच्या कृपेने पावसाळ्यात मोफत मिळते. अडचण एवढीच की तेव्हा ऊन नसते.

आता काड्या. अमेरिकी हवाई दलासाठी १९५० च्या दशकाच्या शेवटी जो प्रकार ठरला, त्याच्या काड्या कानामागे वळत नाहीत, सरळ असतात. कारण डोक्यावरचे हेल्मेट न काढता चष्मा आत सरकवता आला पाहिजे. पुणेकरांना या सोयीचा काही उपयोग नाही.

दुकानदार हमखास ‘पोलराइज्ड घ्या साहेब’ म्हणेल आणि किंमत वाढवेल. मासेमारीला, गाडी चालवायला ती काच चांगली. पण वैमानिकांना ती टाळायला सांगतात, कारण तिच्यातून कॉकपिटमधले काही पडदे काळे पडल्यासारखे दिसतात. तेव्हा खऱ्या वैमानिकाच्या तोऱ्यात मान हलवून ‘नको, इन्स्ट्रुमेंट्स दिसत नाहीत’ एवढेच म्हणावे. मात्र अतिनील किरण अडवणारी काच आहे ना, हे गंमत बाजूला ठेवून विचारावे. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि नको ते किरण जास्तच आत शिरतात.

अस्सल जिनसाच्या एका काचेच्या कडेला ‘आरबी’ ही अक्षरे इतकी बारीक कोरलेली असतात, की ती बघायला वाचनाचा चष्मा लागतो. नक्कल विकणाऱ्यांनाही हे माहीत असल्यामुळे अक्षरे हल्ली तिथेही असतात, आणि थोडी ठळक. जुना, अमेरिकेत बनलेला गॉगल कोणी दाखवला तर तिथे ‘बीएल’ शोधावे. कारण १९९९ मध्ये इटलीच्या लक्झॉटिकाने बाउश अँड लोम्बकडून हा धंदा ६४ कोटी डॉलरना घेतला. नाकावरच्या टेकूंमागे घामाने हिरवट थर साचतो. तो जुन्या टूथब्रशने काढावा, पण कोणी बघत नसताना.

मग एवढ्या आकारांत हाच का टिकला? श्रेय १९८६ च्या ‘टॉप गन’ला आणि टॉम क्रूझला द्यायची पद्धत आहे. माझे मत वेगळे आहे. जाड फ्रेमचा गॉगल चेहरा झाकतो, त्यामुळे माणूस लपल्यासारखा वाटतो. तारेची फ्रेम चेहरा सगळा उघडा ठेवते आणि फक्त नजर काढून घेते. हा माणूस कुठे बघतोय ते कळत नाही, म्हणून त्याला काहीतरी माहीत असावे असे वाटते. फौजदार, पुढारी आणि विवाहस्थळी घोड्यावर बसलेला नवरदेव, तिघांनाही नेमके हेच हवे असते. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’ उगाच एव्हिएटर घालत नाहीत. डोळे दिसले तर भविष्याबद्दल शंका येईल.

‘दबंग’ पाहून गॉगल शर्टाच्या मागच्या कॉलरला अडकवणाऱ्यांनी खुर्चीला टेकू नये. केसांत खोचू नये, काड्या फाकतात. घरात घालू नये. रे-बॅनची १९५३ पासूनची जी-१५ काच जेमतेम १५ टक्के उजेड आत सोडते आणि जिन्याच्या पायऱ्या कोणाचीही ऐट बघत नाहीत.

राहता राहिले नंबरवाले. काच मोठी आणि तार बारीक, त्यामुळे उणे नंबर जास्त असला की कडा जाड होऊन बाहेर डोकावतात. अशांनी बिननंबरीच घालावा. समोरून येणारा दिसत नाही, त्याचा नमस्कार दिसत नाही, म्हणून उलट नमस्कारही होत नाही. आठवडाभर हा नेम पाळला तर वॉर्डात कुजबुज सुरू होते, की यांचे तिकीट नक्की झाले.