कोणाचं कुत्रं?

सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 ला सांगितलं की शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं इथली मोकाट कुत्री उचला, नसबंदी करा, लस टोचा, निवाऱ्यात ठेवा आणि उचलली तिथे परत सोडू नका. आवाराला कुंपण घाला, देखरेखीला अधिकारी नेमा. आदेश अख्ख्या देशाला होता, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या दारव्ह्यालाही होता.

रेल्वे स्थानकाचं कलम आपण तसं कधीच पाळलेलं आहे. मोतीबाग स्थानकावर कुत्र्यांचा प्रवाशांना त्रास होतो असं म्हणायला आधी प्रवासी लागतात, आणि प्रवाशांसाठी आधी गाडी लागते. शकुंतला रेल्वे गेली ती गेलीच. वर्धा-नांदेडची मोठी लाईन दारव्ह्यावरून धावायला लागली की तिथल्या कुत्र्यांचा विचार करू. वाट पाहण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही.

राहिलं बसस्थानक. आता आपल्या तालुक्यात कुठल्याही स्टॅंडवर जा, तिथला एक बदामी कुत्रा तुम्हाला भेटेलच. यवतमाळची गाडी कुठे लागते, पुसदची कुठे, कोणता कंडक्टर डबा उघडतो आणि कोणता नुसताच उघडल्यासारखं करतो, हे त्याला तोंडपाठ असतं. बारावीचा पेपर अवघड गेलेलं एखादं पोट्टं त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसतं. पारले-जीचा पुडा फोडतं, दोन बिस्किटं स्वतः खातं, बाकीची एकेक करून त्याला घालतं, आणि पुडा संपेपर्यंत घरी काय सांगायचं ते जुळवून ठेवतं. कुत्रा मार्क विचारत नाही. शहरात याच कामाचे तासाला पैसे लागतात आणि भिंतीला फिकट निळा रंग लागतो.

इथे चेष्टा बाजूला ठेवतो. त्याच स्टॅंडवर त्याच बदामी कुत्र्याचा एखादा भाऊबंद लहान लेकराच्या पोटरीला धरतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की औषध नाही, माणूस जातोच. लेकराला कडेवर घेऊन लसीसाठी सरकारी दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या मायला प्राणिप्रेमावर व्याख्यान द्यायची माझी तरी हिंमत नाही. न्यायालयाने गंमत म्हणून आदेश दिला नाही. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि तिच्यासाठी आधी पुण्याला जावं लागेल.

पुण्याहून, म्हणजे नेमकं सांगायचं तर हिंजवडीहून, दिवाळीला गावी आलेलं एक जोडपं. सोबत सोनेरी केसांचं विलायती कुत्रं. त्याच्या अंगात लाल जॅकेट आणि जॅकेटावर इंग्रजीत लिहिलेलं, की हा मानसिक आधार देणारा प्राणी आहे. जॅकेट ऑनलाईन मागवलेलं. ऑक्टोबर हीटमध्ये जॅकेट घातल्यावर त्या कुत्र्यालाच आधाराची गरज दिसत होती. पण ते जोडपं मेन रोडवरच्या नव्या एसी कॅफेत शिरलं, कुत्रं सोबत शिरलं, आणि गल्ल्यावरचा पोरगा उठून उभा राहिला. त्याने कुत्र्यासाठी वाटीत पाणी आणलं. बिसलेरीचं. बाहेर पायरीवर आपलं गावठी कुत्रं बसलं होतं, त्यालाही पाणी मिळालं, फक्त ते वरून आणि बादलीने.

मी त्या पोराला विचारलं, "याला कसं काय आत घेतलं?"

"सर्व्हिस डॉग हाय ना भाऊ."

"कोणती सर्व्हिस करतो?"

पोरगा गडबडला. मग म्हणाला, "पुन्याचे पाव्हने हायेत. त्याईचं हाय."

मला उत्तर मिळालं.

आता ही जॅकेटाची फॅशन जिथून आली त्या अमेरिकेचं ऐका. तिथल्या कायद्याप्रमाणे दिव्यांग माणसाच्या कामासाठी शिकवलेल्या कुत्र्याला दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात मज्जाव करता येत नाही. काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागायचा नाही, आजार विचारायचा नाही, करून दाखव म्हणायचं नाही. कुत्रा आवरेना झाला, तर मात्र बाहेर काढता येतो. आणि नुसता जवळ बसून मनाला बरं वाटायला लावणारा कुत्रा या कायद्यात बसतच नाही. बरं वाटणं हे काम नव्हे, असं तो कायदा म्हणतो. (आमचा बदामी ऐकत नसावा.)

विमानात मात्र अनेक वर्षं मनाच्या आधाराचेही प्राणी चालत. डॉक्टरची चिठ्ठी आणली की झालं. मग अमेरिकन माणसाने आपल्यासारखंच डोकं चालवलं. डुक्कर आलं, बदक आलं. जानेवारी 2018 मध्ये न्यूअर्कच्या विमानतळावर एक बाई आधाराचा मोर घेऊन आल्या. मोरासाठी वेगळ्या सीटचं तिकीटही काढलेलं होतं, पण कंपनीने त्याला काही चढू दिलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या सरकारने नियमच बदलला. आधाराच्या प्राण्यांना विमानात घेण्याची सक्ती गेली आणि सेवेचा प्राणी म्हणजे शिकवलेला कुत्रा, एवढंच उरलं. सगळ्यात जास्त नुकसान झालं ते खरोखरच्या आंधळ्या माणसाचं. जॅकेटवाल्यांनी इतके घोळ घातले, की त्याच्या खऱ्या कुत्र्याकडेही लोक संशयाने पाहायला लागले. खोट्या दाखल्यावर नोकरी लागलेला शेजारी असला की खऱ्या दाखलेवाल्याचं काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

तरी त्यांच्या त्या दोन प्रश्नांत एक गोष्ट आहे. दोन्ही प्रश्न कामाबद्दल आहेत. आपल्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो चहाच्या टपरीपासून थेट वरपर्यंत चालतो: "कोनाचं हाय बे?"

मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाऊसमध्ये 2018 च्या नूतनीकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली केली. ताजच्या दारात भटकं कुत्रं बिनघोर झोपलेलं असतं, कारण त्यांना हुसकायचं नाही असं रतन टाटांचं सांगणं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा 'गोवा' नावाचा कुत्रा अंत्यदर्शनाला आणला होता आणि टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यालाही भरून आलं होतं. माणूस मोठाच होता, त्यात शंका नाही. पण हेच आपल्या स्टॅंडसमोरच्या आलूबोंडावाल्या काकांनी केलं, बाकाखाली एका कुत्रीला पिलांसकट निजू दिलं, तर त्याला कोणी खास खोली म्हणत नाही. गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि म्हणतं, काका, जरा स्वच्छता ठेवत जा.

नियम गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, हे मान्य. अन्न सुरक्षेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे खाण्याच्या जागेत जनावर, पक्षी, पाळीव प्राणी येऊ द्यायचे नाहीत. आपल्याकडे हा नियम फार बारकाईने पाळतात. गाय आली तर ती गाय असते, तिला पोळी द्यायची. चिमण्या आल्या तर पुण्य लागतं. माशांचा नियमात वेगळा उल्लेख असेल. मांजर मालकीणबाईंचं. उरलं कुत्रं. त्याच्यासाठी काठी ठेवलेली असते, आणि ती काठी ज्या खिळ्याला टांगलेली असते त्याच्याच वर दत्ताचा फोटो असतो. फोटोत चार कुत्री. रोज सकाळी त्यांना उदबत्ती ओवाळून, मग मालक पायरीवरच्या पाचव्याकडे वळतात.

धर्मराजाचंही असंच झालं होतं म्हणा. स्वर्गाच्या दारात इंद्राने सांगितलं, कुत्रं सोडून या. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या कुत्र्याला जॅकेट नव्हतं. धर्मराज अडून बसला, मग कळलं की कुत्रं म्हणजे साक्षात यमधर्म. कोणाचं हाय ते कळलं आणि दार उघडलं. कुत्रं नुसतं कुत्रंच निघालं असतं तर काय झालं असतं, यावर आमच्या कीर्तनकारांनी अजून प्रकाश टाकलेला नाही.

आत कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या माणसाला आपल्याकडे सरावही मोठा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिता येत होतं आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, तर त्यानंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. गावच्या हॉटेलांत खिळ्याला टांगलेली वेगळी कपबशी पाहिलेली माणसं आजही आपल्यात बसून चहा पितात. त्यामुळे कोणी फार तळमळीने स्वच्छतेबद्दल बोलायला लागलं, की मी आधी तो कोणाकडे बघून बोलतोय ते पाहतो.

आणि प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. कुत्रं पहिल्या वर्गात न्यायचं तर अख्खा कूपे तुमच्या नावावर पाहिजे. नाहीतर ते गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. स्लीपरने जाणारं कुत्रं रेल्वेला माहीत नाही. मधल्या वर्गाची ही अवस्था कुत्र्यांनाही चुकलेली नाही.

आता एक आंधळा माणूस घ्या. असा माणूस, शिकवलेलं कुत्रं सोबत, दारव्ह्याच्या बाजारात. 1928 मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा आंधळा तरुण बडी नावाच्या कुत्रीचा पट्टा धरून न्यूयॉर्कचा भर वाहतुकीचा रस्ता ओलांडून गेला, बातमीदार बघत राहिले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत कुत्री शिकवणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे त्या कुत्रीला पहिला चौक ओलांडायच्या आधी आठ गल्ल्यांच्या कुत्र्यांना हद्द समजावून सांगावी लागेल. ते जमलं, तर एसटीत कंडक्टर विचारेल. त्या माणसाकडे दिव्यांगाचं कार्ड असेल, त्याला भाड्यात 75 टक्के सवलत असेल, 2016 च्या कायद्याने मोजलेल्या एकवीस अपंगत्वांत त्याचं अपंगत्व असेल. पण कुत्र्याचं काय? बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, कुत्र्याचं बटण मशीनमध्ये कुठाय? मागची गर्दी ओरडेल, "घ्या ना बाप्पा, बिचारा आंधया हाय!" समोरची ओरडेल, "चावलं म्हंजे?" आणि या सगळ्या आरडाओरड्यात एकटं न भुंकणारं, जागेवर बसून राहिलेलं, असं तिथे कोण असेल तर ते कुत्रं.

मग मी आमच्या भागातलं शिकवलेलं कुत्रं शोधायला निघालो आणि फार लांब जावं लागलं नाही. धुऱ्यावर सापडलं. हरभरा हिरवा झाला की रात्री शेतात जागल असते. रोही कळपाने येतात, रानडुकरं रांगेने येतात. मचाणावर माणूस, खाली कुत्रं. हे कुत्रं रोह्यावर वेगळं भुंकतं आणि डुकरावर वेगळं. ओळखीच्या माणसाच्या टॉर्चवर भुंकतच नाही. डुकराच्या समोरून जायचं नाही, बाजूने हाकायचं, हे त्याला कोणी संस्थेत शिकवलं नाही, मांडीवरच्या एका जुन्या फाटलेल्या खुणेने शिकवलं. एका कास्तकाराला मी विचारलं, हे कुत्रं नसतं तर? तो म्हणाला, "भाऊ, रोही तं पिकाच्या मांगं लागते. रातच्यानं आपल्या मांगं लागते तो इचार. कुत्रं असलं म्हंजे तेवढं बोलनं व्हते."

या जिल्ह्यात हे वाक्य कसं ऐकायचं ते वेगळं सांगत नाही. शेतकरी आत्महत्या थांबवायला सरकारने 2015 मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान आणलं, मग प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताई घरोघर विचारपूस करायला गेल्या. मनाला आधार लागतो हे आमच्या भागाला कळायला जॅकेट लागलं नाही. फक्त आधाराला खर्चाचं शीर्ष लागतं, आणि धुऱ्यावरचं कुत्रं कोणत्याच शीर्षात बसत नाही.

तोच कास्तकार पीककर्जाच्या कामाने शहरात येतो तेव्हा कुत्रं मोटारसायकलच्या मागे पळत येतं. बँकेच्या दारात बंदूकवाला त्याला हाकलतो. हाकलतानाही प्रश्न तोच असतो, आणि "माह्यं हाय" या उत्तराने भागत नाही, कारण "माह्यं" म्हणणारा कोण, ते त्याच्या चपलेवरून कळतं.

तेव्हा भावनांत न शिरता मी नगर परिषदेसाठी एक अर्ज तयार केला आहे. जॅकेट ज्याला परवडतं त्याने घालावं, बाकीच्यांनी दाखला काढावा. नमुना असा: कुत्र्याचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव (माहीत असल्यास). जात: विलायती किंवा गावठी. गावठी असल्यास सन 1967 पूर्वीचा पुरावा. दोन फोटो, समोर पाहताना, जीभ आत. लस टोचल्याचं कार्ड, नसबंदीचा दाखला, आणि कोणाचं कुत्रं या रकान्यात मालकाचा सातबारा. स्टॅंडवर आधार देणाऱ्या कुत्र्यासाठी बारावीच्या एका नापास विद्यार्थ्याचं शिफारसपत्र. कामाचा पुरावा या रकान्यात जागलीच्या कुत्र्यासाठी पोलीस पाटलाचा दाखला चालणार नाही, कारण ते रात्री झोपलेले असतात. ज्या रोह्याला हाकललं त्याची सही आणावी लागेल, आणि रोही वनखात्याचा असल्याने अर्ज तिथून यावा.